'सरकॉन' म्हणजे काय, आणि मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा: इंग्रजी विज्ञानकथेच्या जुन्या चाहत्यांच्या लेखनात 'सरकॉन' हा शब्द शिवीसारखा येतो. अर्थ काय, आणि मराठी प्रतिशब्द कोणता?

शब्द फसवा आहे. या चाहत्यांच्या बोलीत 'कॉन' म्हणजे संमेलन. १९३९ साली न्यूयॉर्कला पहिलं 'वर्ल्डकॉन' भरलं, त्यातला 'कॉन' तोच. म्हणून 'सरकॉन'ही संमेलनच वाटतं. पण हा 'कॉन' 'कन्स्ट्रक्टिव्ह'मधला. 'सीरियस' आणि 'कन्स्ट्रक्टिव्ह', म्हणजे गंभीर आणि विधायक, यांचे आरंभ जोडून तो झाला. एसटीच्या कागदांवर 'राज्य परिवहन महामंडळ'चं 'रापम' असतं ना, तसाच. १९५०च्या दशकात टोरांटोचे बॉइड रेबर्न यांनी तो घडवला.

दोन भल्या विशेषणांची शिवी का झाली, हे कळलं की सगळं उलगडतं. चाहते तेव्हा स्टेन्सिल कापून घरगुती पत्रिका काढत, त्या 'फॅनझिन'. काहींत कथांची समीक्षा, काहींत नुसत्या आपसातल्या गप्पा आणि थट्टा. या गप्पांच्या मैफलीत शिरून 'हा पोरखेळ पुरे, विज्ञानकथेसाठी काही भरीव करा' असं सुनावणारा तो सरकॉन. पुढे धार बोथट झाली. नंतरच्या लेखनात 'सरकॉन लेख' म्हणजे बहुधा अभ्यासपूर्ण लेख, एवढंच. त्यामुळे भाषांतर करताना मजकुराचं साल आधी पाहावं.

मराठीत 'अरसिक' सरळ चूक, कारण सरकॉनला विज्ञानकथेचं वेड असतंच. कथांशी देणंघेणं नसून नुसता चाहत्यांत वावरतो त्याला वेगळा शब्द आहे, 'फेकफॅन'. 'झारीतला शुक्राचार्य' मोहात पाडतो, कारण तो आतलाच असतो. पण तो दान अडवतो, मजा नाही. 'विरजण घालणारा' कृतीला चपखल बसतं: चमचाभर दही पडलं की पातेलंभर दूध दूध राहत नाही. फक्त त्यात गंभीरपणा येत नाही, आणि मूळ शब्दाचा सगळा डंख तिथेच आहे.

म्हणून 'टीकाचार्य'च्या चालीवर मी 'गंभीराचार्य' सुचवेन. 'आचार्य'मधला मान आणि टोमणा दोन्ही त्यात उतरतात. 'आले गंभीराचार्य, आता गप्पा बंद!' हे वाक्य मोठ्याने म्हणून पाहा. नंतरच्या, धार गेलेल्या वापराला मात्र साधं 'अभ्यासू' लिहावं.