जावई म्हणतात, विमानात ऑक्सिजन असतोच!

प्रश्न : डॉक्टर, माझं वय 67. सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका आकसण्याचा फुफ्फुसांचा जुनाट आजार आहे. बसल्या जागी रक्तातला ऑक्सिजन 93 टक्के असतो, चाललो की 87 वर येतो, म्हणून ऑक्सिजन देणारं बॅटरीवरचं पोर्टेबल मशीन वापरतो. मुलीकडे जायला सहा तासांचा विमानप्रवास आहे. जावई म्हणतात, विमानात ऑक्सिजन असतोच, मशीन कशाला? जाऊ का?

उत्तर : जा, पण या बाबतीत जावईबापूंचं ऐकू नका. डोक्यावरून खाली येणारे ते पिवळे मास्क आणीबाणीतल्या काही मिनिटांपुरते असतात. केबिनमधली हवा एरवीही सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असते तितकी विरळ असते. जमिनीवर बसून 21 ऐवजी 15 टक्के ऑक्सिजनची हवा घेतल्यासारखी. तुमचा 93 तिथे कुठवर घसरेल, हे अंदाजाने सांगायला मी धजणार नाही. छातीच्या डॉक्टरांकडे हीच 15 टक्क्यांची हवा सुमारे 20 मिनिटं देऊन चाचणी करतात, ती करून घ्या. मशीनचं सेटिंगही त्यांनाच ठरवू द्या. श्वासागणिक झोत सोडणाऱ्या मशीनवरचा '2' म्हणजे मिनिटाला 2 लिटर नव्हे. इथे भलेभले फसतात.

खरी काळजी बॅटरीची. माझे एक पेशंट चार तासांच्या प्रवासाला पाच तासांची बॅटरी घेऊन निघाले. विमान दीड तास धावपट्टीवरच उभं राहिलं. शेवटचा अर्धा तास मशीन बंद. बिचारे ओठांचा चंबू करून हळूहळू फुंकत बसले होते. प्रवासाच्या दीडपट, म्हणजे तुम्ही नऊ तासांच्या बॅटऱ्या न्या, विमानतळावरचा वेळ वेगळा धरा. खोक्यावर छापलेले तास बहुधा सर्वांत कमी सेटिंगचे असतात. तुमच्या सेटिंगवर घरीच घड्याळ लावून बघा. सीटजवळच्या प्लगच्या भरवशावर राहू नका. जादा बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच, टोकं झाकून. चेक-इनच्या सामानात त्या चालत नाहीत.

विमान कंपनीला तिकीट काढतानाच कळवा. डॉक्टरांनी भरून द्यायचा फॉर्म बहुतेक कंपन्या मागतात, आणि तो आदल्या दिवशी पाठवून भागत नाही. घरचा सिलिंडर नेण्याचा विचार मात्र सोडा, सहसा परवानगी मिळत नाही.

तोंड उघडं टाकून झोपायची सवय असेल तर शेजाऱ्याला सांगून ठेवा. नाकाने श्वास घेतला नाही तर हे मशीन झोत सोडायला चुकतं. ऑक्सिमीटर खिशात असू द्या आणि टॉयलेटला जाऊन आल्यावर बोटाला लावा. बसल्या जागी बरा दिसणारा आकडा तेव्हा खाली आलेला असतो.