'शाया' लिहिलं म्हणजे डिस्लेक्सिया नाही

ताई, तिसरीतलं पोरगं वाचत नाही म्हणून लगेच घाबरू नका, आधी डोळे-कान तपासून आणायला सांगा, बाकीचं नंतर. आपल्या जळगाव-धुळ्याकडची बरीच पोरं घरी अहिराणी बोलतात, ती शाळाचं शाया आणि डोळाचं डोया लिहिणारच, जे तोंडात तेच कागदावर. डिस्लेक्सिया म्हणजे डोकं चांगलं असूनही वाचण्या-लिहिण्यात सतत अडणं, तो आहे का हे बघायचं तर वेगळंच. अक्षर, शब्द, मग उतारा असं एकट्याला बसवून वाचायला द्या, वर्गासमोर अजिबात नको, आणि कुठं अडतो ते लिहून ठेवा, घ-ध, भ-म, वेलांटी, रफार, जोडाक्षर. 'टमुक', 'झोलप' असले बिनअर्थाचे शब्द पण द्या, पाठांतरवाला तिथंच सापडतो बघा! 'कपाट'मधला क काढला तर काय उरलं, हे तोंडी विचारा. मग रोज १०-१५ मिनिटं फक्त अडलेल्या अक्षरांवर, आवाज काढत, मातीत गिरवत. दहादा लिहून आण म्हणणं सोडा, त्यानं काही होत नाही. दोन-तीन महिन्यांत फरक नाही पडला तर ती सगळी टिपणं देऊन सायकॉलॉजिस्टकडे पाठवा, डिस्लेक्सियाचा शिक्का आपण मारायचा नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात डिस्लेक्सिया येतो, सर्टिफिकेट असलं तर दहावीला जादा वेळ मिळतो, पण आईबापाला सावकाश सांगा, केळी कापणीच्या घाईत तर नकोच.