खालचा अर्धा आलेख कुठे गेला?

प्रश्न : मी इंदूरला लोकमान्यनगरात राहते, अकरावीला गणित घेतलंय. वर्गमुळाची फंक्शन्स शिकताना पहिल्यांदाच आलेख नुसता बघत बसावंसं वाटलं. तो शून्यापाशी सुरू होतो, डावीकडे काहीच नाही, आणि वर्गमूळ धन-ऋण दोन्ही असतं तर खालचा अर्धा भाग कुठे गेला? कोचिंगमध्ये विचारलं तर ‘पेपरात येत नाही’ म्हणाले. त्याच धड्याच्या चाचणीत ४० पैकी १४ मिळाले. उत्तरपत्रिकेचा फोटो पाठवतेय. गणित सोडून कॉमर्स घेऊ का?
(खाली बाबांची ओळ : नको ते प्रश्न विचारत बसते. आता तिसरं कोचिंग लावतोय. समजावून सांगा.)

उत्तर : बाबांपासून सुरुवात करते, कारण मला १४ मार्कांपेक्षा त्या एका ओळीची जास्त काळजी वाटली. साहेब, शाळा, एक कोचिंग, दुसरं कोचिंग, त्यावर तिसरं. मुलीने बसून विचार करायचा कधी? कोचिंग क्लासेसच्या भंवरकुआं भागात जाण्या-येण्यातच तिची संध्याकाळ संपत असणार. ‘नको ते प्रश्न’ म्हणता, पण तुम्ही तिची उत्तरपत्रिका उघडून पाहिलीत, की वरचा आकडा पाहून मिटलीत? मी पूर्ण पाहिली. तीन गणितांत तिचे मार्क ज्या एका कारणाने गेलेत, त्यावरचा इलाज तिच्या त्या नको असलेल्या प्रश्नातच आहे.

आता तू बघ. √(क्ष+६) = क्ष हे तू सोडवलंस. दोन्ही बाजूंचा वर्ग केलास, क्ष² − क्ष − ६ = ० आलं, उत्तरं ३ आणि −२. दोन्ही लिहिलीस आणि मार्क गेले. −२ मूळ समीकरणात घालून बघ : डावीकडे √४, म्हणजे २, उजवीकडे −२. जुळत नाही. बहुतेक मुलांच्या डोक्यात √४ म्हणजे ±२ असं पक्कं बसलेलं असतं, तुझ्याही. ४ ला वर्गमुळं दोन आहेत हे खरं, पण √ हे चिन्ह त्यातलं ऋण नसलेलं एकच दाखवतं. फंक्शनला एका क्ष साठी एकच उत्तर द्यावं लागतं, म्हणून खालचा अर्धा मुद्दाम सोडलेला असतो. वर्ग केला की वजाचं चिन्ह पुसलं जातं आणि तो सोडलेला भाग गुपचूप परत येतो. तुझं −२ तिथलंच आहे; −√(क्ष+६) = क्ष या समीकरणाचं ते अगदी बरोबर उत्तर आहे. कोचिंगमध्ये तुझ्या प्रश्नाला पाच मिनिटं दिली असती, तर ही तीन गणितं तुझी सुटली असती. ‘पेपरात येत नाही’ म्हणे!

आलेख बघत बसलीस ते छान केलंस. आणखी बघ. ० ते १ एवढ्यात तो १ चढतो, पुढचा १ चढायला ४ पर्यंत जावं लागतं, मग ९ पर्यंत. १० च्या उंचीला पोहोचायला थेट १००. लंबकाच्या आंदोलनाचा काळ दुप्पट हवा तर दोरी चौपट लांब का लागते, हे फिजिक्सच्या धड्यात येईल तेव्हा हाच आलेख आठव.

कॉमर्सबद्दल : आवडत असेल तर खुशाल घे. एका चाचणीला घाबरून घेणार असशील तर नको. इंजिनीअरिंगला जेईई, हे तुमच्या घरात कुणाला सांगायला नको. आयआयटीसुद्धा इथे इंदूरजवळ सिमरोळलाच आहे. पण गणितच शिकायचं झालं तर भोपाळचं आयसर (विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) आहे, स्वतःची प्रवेश परीक्षा घेणारी चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट आहे, आणि १८९१ पासूनचं होळकर सायन्स कॉलेज तर गावातच. तुझ्या पत्रावरून मला जेईईपेक्षा या वाटा जास्त जवळच्या वाटतात. बाबांना हे आवडणार नाही, ठाऊक आहे.

सध्या स्ट्रीम बदलायची नाही आणि तिसऱ्या कोचिंगची फी भरायची नाही. सहामाहीपर्यंत एकच करायचं : दोन्ही बाजूंचा वर्ग केलास की आलेलं प्रत्येक उत्तर मूळ समीकरणात घालून तपासायचं, मगच पुढचं गणित. आणि साहेब, आठवड्यातल्या दोन संध्याकाळी तिला घरी राहू द्या. त्या दिवशी मार्क विचारू नका.