सूर्य साधला की दरी काळी, दरी साधली की आभाळ पांढरं

प्रश्न : मार्चमध्ये चिखलदऱ्याला पंचबोल पॉइंटवरून सूर्यास्ताचे तीसेक फोटो काढले. आभाळ छान आलं तिथे दरी डांबरासारखी काळी, दरी दिसली तिथे आभाळ पांढरंफटक. कॅमेऱ्याला 18-55 मिमीची किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळणारी) आहे. चुकतं कुठे?
– एक वाचक, धरमपेठ

उत्तर : आधी वेळ चुकते, कॅमेरा नंतर. मोबाइल सांगतो ती सूर्यास्ताची वेळ (मार्चच्या मध्यात तिथे साडेसहाच्या आसपास) सपाट क्षितिजाची असते. हात लांब करून मूठ धरा. तिची उंची साधारण 10 अंश, आणि तेवढं उतरायला सूर्याला या दिवसांत आपल्याकडे पाऊण तासाला थोडा कमी वेळ लागतो. पश्चिमेच्या डोंगराची धार क्षितिजापासून अर्धी मूठ वर असेल, तर तुमच्यापाशी ऊन सहा-दहालाच संपतं. खाली तळात त्याच्याही आधी. म्हणून दरीचा फोटो साडेपाच ते सहाच्या दरम्यान, सूर्य फ्रेमबाहेर डाव्या-उजव्या अंगाला ठेवून काढा. तिरप्या उन्हात डोंगराची प्रत्येक सोंड सुटी दिसते.

सूर्य फ्रेममध्ये हवाच असेल तर एका क्लिकमध्ये भागत नाही. ट्रायपॉड, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 100, अ‍ॅपर्चर एफ/11 (लेन्सच्या छिद्राचं माप), रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) आणि दोन-दोन स्टॉपच्या फरकाने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) तीन फोटोंचं ब्रॅकेटिंग, म्हणजे एकाच दृश्याचे कमी-जास्त उजेडाचे फोटो, समजा 1/250, 1/60 आणि 1/15 सेकंदांचे. ते घरी संगणकावर एकत्र जोडायचे. बदलायचा तो शटर स्पीडच. अ‍ॅपर्चर बदललं तर फोकसची खोली बदलते आणि तिन्ही फोटो एकमेकांवर नीट बसत नाहीत. ट्रायपॉडवर लेन्सचं स्टॅबिलायझर बंद, टायमर 2 सेकंदांचा. व्हाइट बॅलन्स 'डेलाइट'वर ठेवा, कारण ऑटोला तो केशरी रंग दोष वाटतो आणि तो धुऊन टाकतो. 18 मिमीवर सुमारे 2 मीटरवर फोकस केलात तर जवळजवळ एक मीटरपासून थेट पलीकडच्या डोंगरापर्यंत सगळं स्पष्ट येतं. एफ/22 वर जाऊ नका, चित्र मऊ पडतं.

पुढ्यात फुललेल्या पळसाची फांदी घेतली असेल तर एक अडचण येते. वाऱ्याने ती तिन्ही फोटोंत वेगळ्या जागी असते, जोडल्यावर फुलांना भुतासारखी सावली येते. फांदी एकाच, त्यातल्या वेगवान शटरच्या फोटोतून घ्या. ग्रॅज्युएटेड फिल्टरने (वर गडद, खाली पारदर्शक काच) घरचं जोडकाम वाचेल, पण 'हार्ड'वाला, म्हणजे गडद भाग एकदम संपणारा नको. त्याची काळी कड डोंगराच्या माथ्यावरून सरळ पट्टी मारल्यासारखी दिसते.

प्रश्न : पचमढीच्या धूपगडावरून दूरचे डोंगर धुरकट येतात. पोलरायझर (चकाकी आणि धुरकटपणा कमी करणारा फिल्टर) घेऊ का?
– एक वाचक, महाल

उत्तर : एवढ्यासाठी घेऊ नका. पोलरायझरचा जोर सूर्याशी काटकोनात असतो. मावळत्या सूर्याकडे तोंड केल्यावर तो जवळपास निकामी. फाल्गुन-चैत्रात हवेत धूळ असते, वणव्यांचा धूरही असतो. त्यालाच कामाला लावा. 70-300 लेन्सने 150-200 मिमीवर डोंगरांच्या रांगा एकावर एक घ्या. मागची प्रत्येक रांग पुढचीपेक्षा फिकी येते आणि खोली आपोआप दिसते. स्वच्छ हवाच हवी असेल तर अवकाळी पावसानंतरची पहिली संध्याकाळ गाठा. संगणकावर 'डीहेझ' (धुरकटपणा काढायची सोय) ताणलं की धारेभोवती काळसर कड उमटते, ती लगेच ओळखू येते.

प्रश्न : फक्त मोबाइल आहे. काही जमेल का?
– एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : जमेल की! आधी लेन्स सुती कापडाने पुसा. बोटाचं तेल लागलेलं असेल तर सूर्यातून उभ्या रेघा निघतात. सूर्याशेजारच्या आभाळावर बोट दाबून धरा, एक्स्पोजर लॉक झालं की सरकपट्टी थोडी खाली ओढा. अल्ट्रावाइड टाळा, त्यात डोंगरांची वारुळं होतात. आणि सूर्य बुडाला म्हणून लगेच गाडीकडे पळू नका. पुढच्या 10-15 मिनिटांत आभाळ आणि दरी यांच्या उजेडातला फरक कमी होतो. मोबाइलला दोन्ही झेपतात ते तेव्हाच. फक्त तो दगडावर टेकवा, हातात धरू नका.