लहान वयातच मेंदूला जास्त धोका का असतो?

कारण तेव्हा मेंदूची वायरिंग चालू असते आणि प्रत्येक भागाची वेळ ठरलेली असते, ती हुकली की नंतर तेच काम नीट जमत नाही. ह्युबेल आणि वीझल या मेंदू-संशोधकांनी मांजरीच्या पिल्लाचा एक डोळा काही आठवडे शिवून बंद ठेवला, उघडला तेव्हा डोळा ठणठणीत होता पण मेंदूतल्या पेशी त्याला दादच देईनात, मोठ्या मांजरीवर तेच केलं तर काही फरक पडला नाही (१९८१ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा या दोघांना मिळाला). म्हणूनच जन्मतः दाट मोतीबिंदू असलेल्या बाळाचं ऑपरेशन पहिल्या काही आठवड्यांतच करतात, "मोठं झाल्यावर बघू" म्हणणं फार महागात पडतं.

पोटात असतानाही तसंच. न्यूरल ट्यूब (म्हणजे ज्या नळीपासून बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू बनतो ती) गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते, म्हणजे दिवस गेलेत हे बऱ्याच जणींना कळायच्या आधीच, म्हणून ती नीट बंद व्हावी यासाठी फॉलिक ॲसिड हे जीवनसत्त्व रोज ४०० मायक्रोग्रॅम आधीपासूनच सुरू करायला सांगतात. व्हॅल्प्रोएट हे फिटचं औषध गरोदरपणात घेतलं तर मुलाला ऑटिझम व्हायची शक्यता वाढते, पण प्लीज, गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, आधी डॉक्टरांशी बोला.

आणि ऑटिझम, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) यांमध्ये जीन्सचा वाटा खूप मोठा असतो, त्यामुळे "माझंच काहीतरी चुकलं" म्हणून आईने स्वतःला कोसत बसू नये.