सिंधमधून आलेल्या कुटुंबाला सरकारी सोयी मिळवून द्यायच्या, तर शेजाऱ्याने सुरुवात कुठून करावी?

जळगावात तुमच्या शेजारी पाकिस्तानातल्या सिंधमधून आलेलं सात माणसांचं हिंदू कुटुंब राहायला आलंय, नुकताच एलटीव्ही म्हणजे दीर्घ मुदतीचा व्हिसा हातात पडलाय, आणि रेशन, शाळा, दवाखाना, बँक यांतलं त्यांना काय मिळवून देता येईल, असं तुम्ही विचारलंय. मी जळगावचीच, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. अशा तीन कुटुंबांसोबत कचेऱ्यांच्या पायऱ्या चढले आहे. त्यावरून सांगते.

रेशनकार्ड काढून देऊ नका. ही गोष्ट मी पहिल्यांदा सांगतेय, कारण मदत करणाऱ्या माणसाच्या मनात पहिल्यांदा तेच येतं. रेशन, लाडकी बहीण, आयुष्मान या योजना भारतीय नागरिकांसाठी आहेत आणि तुमचे शेजारी अजून पाकिस्तानी नागरिक आहेत. कोणीतरी एजंट भेटेलच, थोडे पैसे द्या, रेशनकार्ड आणि मतदार कार्ड दोन्ही करून देतो म्हणेल. मी ज्यांच्यासोबत फिरले त्यांतल्या एका कुटुंबाने माझ्या ओळखीच्या आधी असं मतदार कार्ड काढून घेतलं होतं. पुढे नागरिकत्वाच्या अर्जाची चौकशी आली तेव्हा त्याच कार्डावरून त्यांना उलटसुलट विचारलं गेलं. घरातली म्हातारी दादी रोज मला विचारायची, "बाई, आता परत पाठवतील का?" मतदार यादीत नाव घालण्यासाठी खोटं लिहून देणं हा गुन्हा आहे, आणि तो एजंट तेव्हा फोनही उचलत नव्हता.

जुने सिंधी शेठ तुम्हाला सांगतील की आमच्या वडिलांना तर सगळं लगेच मिळालं होतं. खरं आहे ते. फाळणीनंतर १९ जुलै १९४८ पूर्वी जे आले आणि इथेच राहिले, त्यांना घटनेच्या सहाव्या अनुच्छेदानेच नागरिक मानलं. आज निर्वासितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही, आणि १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही. त्यामुळे तुमच्या शेजाऱ्यांचं सगळं त्या एलटीव्हीच्या कागदावर उभं आहे. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, तेव्हा हिंदूंचे एलटीव्ही चालूच राहतील असं सरकारने स्पष्ट केलं. तेव्हा हा कागद किती मोलाचा आहे ते आम्हाला कळलं. त्याची मुदत संपायची तारीख तुमच्या स्वतःच्या कॅलेंडरवरही लिहून ठेवा. घर बदललं, तर एसपी ऑफिसच्या परदेशी नागरिक शाखेत आधी कळवायचं. आणि परदेशी माणूस राहायला आल्याची माहिती घरमालकाने चोवीस तासांत सरकारला द्यायची असते (पूर्वी त्याला सी फॉर्म म्हणत), ती दिलीय का, ते आजच विचारा.

आता जे हक्काने मिळतं त्याकडे येते. पहिली शाळा. शिक्षण हक्क कायदा "प्रत्येक बालक" म्हणतो, सहा ते चौदा वयाचं. जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवून मागे राहिलेलं वेगळं शिकवायचं, हेही त्याच कायद्यात आहे. तरी एका शाळेत आम्हाला सांगितलं गेलं, "आधार नसेल तर पोर्टल नाव घेत नाही, आधार झाल्यावर या." मी म्हटलं, सर, तसं लेखी द्या. लेखी कोणी दिलं नाही, नाव मात्र पटावर आलं. तुम्ही भांडू नका, फक्त सोबत जा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मागा. एकट्या गेलेल्या बापाला "उद्या या" सांगणं सोपं असतं.

शाळेत गेल्यावर खरी अडचण लिपीची येते आणि ती कोणाच्या ध्यानातच येत नाही. तिकडे सिंधी अरबी लिपीत शिकवतात, सोबत उर्दू. माझ्याकडे आलेला अकरा वर्षांचा मुलगा वही मागून उघडायचा आणि उजवीकडून लिहायला लागायचा. वर्गातली पोरं हसायची. गणितात तो त्यांच्या पुढे होता, पण फळ्यावरचं उदाहरण वाचता यायचं नाही म्हणून शून्य मिळायचं. चार महिने रोज संध्याकाळी तासभर बाराखडी घेतली. बोलीभाषा तो गल्लीतच शिकला, आमच्या पोरांसोबत खेळता खेळता अहिराणी बोलायला लागला होता! तुम्हाला सरकारी कामांची भीती वाटत असेल, तर हे एवढं एक काम घ्या. त्या घराला त्याचा फार उपयोग होईल.

लसीकरणाला आणि अंगणवाडीला वाट पाहू नका. आशाताईला आजच घरी बोलवा. जंगली पोलिओ आज पाकिस्तान आणि अफगाणिस्तान या दोनच देशांत उरलाय, आपल्याकडे शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला. त्यामुळे मुलं तिकडून आलीत हे ताईला स्पष्ट सांगा, लाजू नका. घरात कोणी गरोदर असेल तर तिची नोंद करून माता-बाल कार्ड घ्या. बाळ झालं की एकवीस दिवसांच्या आत जन्मनोंदणी करा. त्याने बाळ भारतीय ठरत नाही, पण इथे जन्मल्याचा पहिला पक्का कागद तोच.

आधार एलटीव्हीवर निघतं, पण आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेलं लागतं, आणि ते व्हिसाच्या मुदतीपुरतंच चालतं. पॅन आणि वाहन परवानाही निघतो. बँकेत एनआरओ (अनिवासींसाठीचं साधं रुपया खातं) प्रकारचं एकच खातं उघडता येतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमात ही सोय आहे, पण काउंटरवरच्या मुलीला ती माहीत असेलच असं नाही, म्हणून थेट मॅनेजरकडे जा. या सगळ्या कागदांत नावाचं स्पेलिंग पासपोर्टवर आहे तसंच, एका अक्षराचाही फरक न करता लिहून घ्या. उर्दूतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत येताना एकाच माणसाची तीन नावं होतात. एका काकांच्या आधारवर आडनावात एक जादा "ए" पडला होता, तो काढायला आम्ही पाच खेपा घातल्या.

नागरिकत्वाचं त्यांना आत्ताच समजावून सांगा, कारण गल्लीत कोणीतरी सीएए, सीएए (नागरिकत्व सुधारणा कायदा) म्हणत असतंच. त्यात ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांचाच विचार होतो. तुमचे शेजारी नंतर आलेत, त्यांना जुन्या कायद्याच्या वाटेने जावं लागेल. सर्वसाधारण वाट बारा वर्षांच्या वास्तव्याची आहे. पण अर्जदार स्वतः किंवा त्याची आई किंवा वडील अखंड भारतात जन्मले असतील, तर तो भारतीय वंशाचा धरला जातो आणि सात वर्षांनंतर अर्ज करता येतो. सिंध तेव्हा अखंड भारतातच होता. म्हणजे तुमच्या शेजाऱ्याचे वडील १५ ऑगस्ट १९४७ च्या आधी सक्करला किंवा लारकान्याला जन्मले असतील, तर पाच वर्षं वाचतात. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर कोर्टातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बाईच्या नावाने अर्ज केला तर उत्पन्नाची अट आड येत नाही.

वडिलांच्या जन्माचा तो पुरावा मिळवायचा कसा, हे मात्र आजच बघायला हवं. शाळेचा जुना दाखला, जमिनीचा उतारा, काहीही. तिकडे अजून कोणी चुलता, मामा असेल तर त्याला सांगून शोधायला लावा. आमच्या तिसऱ्या कुटुंबाच्या बाबतीत तो मामा वारला, आणि त्याच्या पेटीत काय होतं ते आम्हाला कधीच कळलं नाही.