१९९९ ची एमएक्स-५ मोडून किट कार बांधायला ५,००० पौंड पुरतील का?

तुम्ही लेस्टरला राहता. ९०० पौंडांत एक १९९९ ची माझदा एमएक्स-५, म्हणजे छोटी दोन सीटची उघडी स्पोर्ट्स कार, मिळतेय. एमओटी (गाडीची वार्षिक सरकारी तपासणी) संपलेली, वर हार्डटॉप (काढता येणारं कडक छप्पर). तिचे भाग ज्यात बसवायचे ते नव्या सांगाड्याचं किट अडीच हजारांच्या आसपास दिसतंय. तेव्हा ५,००० मध्ये वर्षभरात गाडी उभी राहील का, आणि पुढेमागे ती भारतात नेता येईल का, असं विचारलंय.

नाही पुरणार. मीही कागदावर ४,५०० लिहूनच सुरुवात केली होती. २०१७ च्या सप्टेंबरात डोनर (भाग काढून घ्यायची जुनी गाडी) आणली आणि २०१९ च्या मे महिन्यात गाडीला नंबर प्लेट लागली. त्या वीस महिन्यांत ८,२३० पौंड गेले. उरलेले भाग विकून ४१० परत आले. म्हणजे गाडी मला ७,८२० ला पडली, आणि त्यात माझ्या शनिवार-रविवारांची मजुरी धरलेली नाही.

या ८,२३० पैकी डोनर आणि किट मिळून साधारण ३,६४० होते, निम्म्याहून बरेच कमी. तुमचा सगळा हिशोब मात्र याच दोन आकड्यांभोवती फिरतोय. माझाही तसाच फिरत होता.

किटचं आधी उरकतो, कारण तिथला सापळा सोपा आहे. जाहिरातीतली किंमत व्हॅटसकट आहे की व्हॅटशिवाय, ते विचारा. माझ्या किटवर २,२९० लिहिलं होतं. वर २० टक्के व्हॅट धरून २,७४८ झाले आणि घरपोच आणायचे १५० वेगळे. किट कार म्हणजे स्वस्त ही समजूत जुन्या काळातली आहे. १९५७ मध्ये लोटस सेव्हन ही छोटी स्पोर्ट्स कार आली तेव्हा तयार गाडीवर परचेस टॅक्स होता आणि सुट्या भागांच्या किटवर नव्हता, म्हणून लोक स्वतः गाडी जोडत. १ एप्रिल १९७३ पासून व्हॅट आला आणि ती सवलत संपली. नव्वदच्या दशकात अडीचशे पौंडांत स्पोर्ट्स कार बांधायला शिकवणारं एक पुस्तक इथे तुफान चाललं, अशा घरी बांधलेल्या गाड्यांना लोकॉस्ट हे नाव तिथूनच रूढ झालं. पण त्यात चासी, म्हणजे गाडीचा सांगाडासुद्धा चौकोनी नळ्या कापून स्वतः वेल्ड करायची असते. किट विकत घेणाऱ्याने तो आकडा डोक्यातून काढून टाकावा.

आता डोनर. जिचं इंजिन, गिअरबॉक्स, डिफरेन्शियल, सस्पेन्शन, स्टिअरिंग काढून नव्या सांगाड्यात बसवायचं ती गाडी. एमएक्स-५ मुळे काम सोपं होतं, कारण मागच्या चाकांची ड्राइव्ह, चारी बाजूंना डबल विशबोन (चाक धरणाऱ्या वरखालच्या दोन त्रिकोणी दांड्या) आणि इंजिनापासून डिफरेन्शियलपर्यंत सगळं एका रांगेत मिळतं. शिवाय या गाड्या सिलपाशी, म्हणजे दाराखालच्या पट्टीपाशी, आणि मागच्या चाकांच्या कमानींपाशी गंजतात, एमओटीत नापास होतात आणि इंजिन ठणठणीत असतानाच भंगाराच्या भावात येतात. बॉडी आपण फेकूनच देणार, त्यामुळे तो गंज आपल्या पथ्यावर पडतो.

पण गंज बॉडीपुरता थांबत नाही. खालच्या विशबोनना चाकांची अलाइनमेंट जुळवायचे एक्सेंट्रिक (मध्य सरकलेले) बोल्ट असतात, प्रत्येक चाकाला दोन, एकूण आठ. वीस वर्षं इंग्लंडमधलं मिठाचं पाणी पिऊन ते बुशच्या (सांध्यातल्या रबरी तुकड्याच्या) आतल्या नळीत असे बसतात की पाना लावला तर पाना वाकेल. माझे आठपैकी पाच ग्राइंडरने कापावे लागले. बोल्ट कापला की बुश जातो. बुश बदलायला घेतला की बॉल जॉइंटचं फाटलेलं रबर दिसतं, आणि विशबोन हातात आलाच आहे तर घासून रंगवूनच टाकू असं वाटतं. असं करत करत ब्रेक कॅलिपर, डिस्क, ब्रेकच्या नळ्या, क्लच, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, बेअरिंग आणि सील मिळून १,०६० पौंड गेले. माझ्या मूळ कागदावर या सगळ्याला ‘किरकोळ, ५००’ असं नाव होतं, आणि त्याच ५०० मध्ये मी रंग आणि नटबोल्टही धरले होते!

म्हणून गाडी घ्यायला जाताना टॉर्च न्या आणि खाली झोपून बघा. बॉडीचा गंज दाखवून भाव पाडा, पण सबफ्रेम (सस्पेन्शन जिच्यावर बसतं ती खालची चौकट) आणि विशबोन पोखरलेले असतील तर ९०० काय, ४०० ला पण घेऊ नका. गाडी चालू हवी. शक्य असेल तर एमओटी शिल्लक असलेली घ्या आणि दोन आठवडे वापरा. गिअरबॉक्सचा आवाज, तापमानाचा काटा, तेल पिणं हे सगळं तेव्हाच कळतं. चालत नसलेली गाडी १५० पौंडांनी स्वस्त मिळते आणि मग वायरिंग बिघडलंय की इंजिन की आपणच जोडताना चूक केली, हे शोधण्यात महिना जातो. माझी ६५० ची होती, पळत होती, फक्त आणायला ९० पौंडांचा ट्रेलर लागला.

कागदपत्रांनाही पैशाइतकंच महत्त्व द्या. डोनरचं व्ही५सी, म्हणजे लॉगबुक, तुमच्या नावावर हवं. गाडी खोलायच्या आधी ती सॉर्न करा, म्हणजे रस्त्यावर नाही असं कळवा. त्याला पैसे लागत नाहीत, आणि रोड टॅक्स भरलेला असेल तर उरलेल्या पूर्ण महिन्यांचा परत मिळतो. मी नोंदणी केली तेव्हाच्या नियमानुसार किट बनवणाऱ्याची नवी चासी आणि एकाच डोनरमधले दोन मूळ मोठे भाग असले, की डोनरच्या वयाप्रमाणे नंबर मिळायचा. सिद्ध करता आलं नाही तर क्यू अक्षराची प्लेट, आणि तिच्यामुळे विमा आणि पुढची विक्री दोन्हीकडे अडतं. त्यामुळे इंजिन एका गाडीचं आणि गिअरबॉक्स दुसरीचा अशी स्वस्तातली खिचडी करायच्या मोहात पडू नका. प्रत्येक पावती आणि खोलतानाचे फोटो जपा. अर्ज कराल तेव्हा डीव्हीएलएचे, म्हणजे गाड्यांची नोंदणी करणाऱ्या सरकारी खात्याचे, त्या दिवशीचे नियम बघून घ्या.

माझ्या कागदावर अवजारांची ओळच नव्हती. वडिलांचं कोल्हापूरला उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप होतं, लहानपण तिथेच गेलं, त्यामुळे ‘अवजारं काय, असतातच’ असं मी धरून चाललो होतो. असतात, पण कोल्हापुरात! टॉर्क रेंच, चार स्टँड, ग्राइंडर, ब्रेकच्या नळीचं तोंड फुलवायचं अवजार आणि इंजिन उचलायच्या क्रेनचं भाडं मिळून ३७० झाले. जागेचंही तसंच. पहिले सहा महिने मित्राच्या गॅरेजात फुकट काम केलं. मग वहिनींनी एकदा चहा देताना ‘यांची गाडी हिवाळ्यात बाहेर किती दिवस ठेवायची, भावजी?’ असं हसत विचारलं. पुढच्याच आठवड्यात मी ५५ पौंड महिन्याचं गॅरेज भाड्याने घेतलं. ते चौदा महिने चाललं: ७७० पौंड. तुम्ही घरच्याच गॅरेजात बांधणार असाल तर ही रक्कम वाचेल. पण एक ध्यानात ठेवा, खोललेली गाडी अख्ख्या गाडीच्या तिप्पट जागा खाते.

आणि उशीर झाला की खर्च वाढतो, कारण भाडं चालूच राहतं. चार बोल्ट नाहीत म्हणून रविवार वाया जातो आणि मग माणूस जास्त पैसे देऊन लगेच मागवतो. खोलताना प्रत्येक वायरच्या कनेक्टरला चिकटपट्टी लावून नाव लिहा. मी अर्ध्यांवर लिहिलं नव्हतं, ‘लक्षात राहील’ म्हणून. पाच महिन्यांनी त्या वायरिंगसमोर बसलो तेव्हा ते दुसऱ्याच कुणीतरी खोललंय असं वाटत होतं. किल्ली, इमोबिलायझर (चोरी रोखणारं यंत्र) आणि इंजिनाचा संगणक एका पिशवीत ठेवा आणि ती पिशवी घरात ठेवा.

बाकीचं भराभर सांगतो. एक्झॉस्ट ३२०, दोन सीट आणि पट्टे ३४०, दिवे आणि आरसे २१०, टायर २४०. रंग, पावडर कोटिंग आणि नटबोल्ट ४८०. नटबोल्टांवर इतके जातील हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

शेवटी आयव्हीए, म्हणजे गाडी रस्त्यावर आणण्याआधीची सरकारी तपासणी. माझ्या वेळी फी ४५० होती आणि फेरतपासणीची ९०. पहिल्या वेळी मी नापास झालो. बाहेर आलेल्या कडांना निदान २.५ मिलिमीटरची गोलाई लागते, आणि माझ्या पुढच्या सस्पेन्शनजवळच्या ब्रॅकेटची कड धारदार होती. दुसरं, वळणावर स्टिअरिंग सोडलं की ते आपोआप सरळीकडे यायला हवं, माझं येत नव्हतं. कास्टर, म्हणजे पुढच्या चाकांच्या वळण्याच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन, वाढवून ते जमलं. दोन्ही फेऱ्यांचा ट्रेलर, कडांवर लावायची रबरी पट्टी, बोल्टांवरच्या प्लास्टिकच्या टोप्या असं धरून या टप्प्याला ७२० लागले. पहिल्या नोंदणीचे ५५ आणि प्लेटचे २५ त्यावर. विमा मी या हिशोबात धरलेला नाही. मात्र बांधणी चालू असतानाही गॅरेजातल्या सुट्या भागांचा विमा मिळतो, तो जरूर काढा.

भाग विकून डोनर फुकटात पडेल, असं तुम्हाला बरेच जण सांगतील. दारं, बॉनेट, कापडी टप, डॅशबोर्ड, सीट यांना गिऱ्हाईक असतं, पण प्रत्येक वस्तूचा फोटो काढा, पॅक करा, ‘शेवटचा भाव किती’ वाल्यांना उत्तरं द्या. मी घाईत मूळ आरसे ३० पौंडांना विकले आणि आयव्हीएच्या आधी आरसे विकत घेतले. तेव्हा गाडी पास होईपर्यंत फक्त मोठी धुडं विका, छोटं काहीही नाही. आणि येणारे पैसे बजेटमध्ये आधीच जमा धरू नका.

भारताचं उत्तर एका ओळीत: तो विचार सोडा. तीन वर्षांपेक्षा जुनी वापरलेली गाडी आयात होत नाही आणि तुमची डोनरच १९९९ ची आहे. तिथेच बांधू म्हणाल, तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करू देत नाही. आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेकडून मान्यता घेणं हे कंपन्यांचं काम आहे, शनिवारी गॅरेजात खपणाऱ्या माणसाचं नाही.

तुमच्या जागी मी असतो तर ७,५०० हाताशी असल्याशिवाय सुरुवात केली नसती. घरचं गॅरेज आणि अवजारं आहेत असं धरून हा आकडा आहे. ५,००० च असतील तर यंदा फक्त डोनर घ्या, वापरा, पुढच्या वर्षी किट. वर्षात होईल का? दर शनिवारी पूर्ण दिवस दिलात तर दीड वर्ष धरा.

ती ९०० वाली मला वाईट वाटत नाही, कारण हार्डटॉपला या गाडीच्या भागांत सगळ्यात चांगला भाव येतो. व्ही५सी विकणाऱ्याच्या नावावर आहे आणि सबफ्रेम घट्ट आहे, एवढं बघून घ्या. फक्त गिऱ्हाईक येईपर्यंत तो हार्डटॉप कुठे ठेवणार, हे आधी घरी विचारा. आमच्याकडे बॉडीचा मागचा भाग पावसात कपडे वाळत घालायच्या खोलीत दोन महिने उभा होता, आणि तो विषय अजूनही जेवताना निघतो.